जर्मन तत्त्वज्ञानातले वाद आणि मराठी वाचक

प्रस्तावना

१८२७ साली हेगेलने बर्लिनच्या एका नव्या समीक्षापत्रात भगवद्गीतेवर दोन हप्त्यांत दीर्घ लेख लिहिला. त्याआधी, १८२३ मध्ये, ऑगस्ट विल्हेल्म श्लेगेलने बॉनहून गीतेची नागरी लिपीतली संहिता लॅटिन अनुवादासह प्रसिद्ध केली होती. १८२५-२६ मध्ये विल्हेल्म फॉन हुम्बोल्टने बर्लिनच्या विज्ञान अकादमीत गीतेवर व्याख्याने दिली होती. हुम्बोल्ट गीतेने भारावून गेला होता. हेगेलने मात्र हात आखडता घेतला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : अर्जुनाचा पेच खऱ्या अर्थाने नैतिक नाही, कारण त्याची चिंता कुलक्षय, वर्णसंकर आणि पितरांचे पिंड यांच्याभोवती फिरते, त्याला सांगितलेले कर्तव्य जन्माने वाट्याला आलेल्या वर्णाचे आहे, स्वतःच्या विवेकाने पत्करलेले नाही, आणि योगी ज्या एकाग्रतेला पोचतो ती सगळा आशय गळून गेलेली, रिकामी अवस्था आहे.

हा वाद तिथे संपला नाही. मंडालेच्या तुरुंगात लोकमान्य टिळकांनी १९१०-११च्या हिवाळ्यात गीतारहस्य लिहिले आणि ते १९१५ साली छापून आले. कांट, हेगेल, शोपेनहौअर, हेकेल, डॉयसन ही नावे त्या ग्रंथात जागोजाग भेटतात. टिळकांनी नीतिविचाराचे आधिभौतिक, आधिदैविक आणि आध्यात्मिक असे तीन मार्ग मांडले, आणि कांट आणि इंग्रज तत्त्वज्ञ ग्रीन यांना आध्यात्मिक मार्गाचे वाटसरू मानून गीतेचा कर्मयोग त्यांच्या शेजारी, किंबहुना त्यांच्या पुढे, नेऊन बसवला. गीतेतले कर्तव्य आंधळे नाही, त्यामागे आत्मौपम्याची बुद्धी आहे, असा त्यांचा सिद्धान्त. पुढे डॉ. आंबेडकरांनी गीतेवरच्या आपल्या अपुऱ्या राहिलेल्या निबंधात गार्बेसारख्या जर्मन पंडितांची मते तपासली, टिळकांचा अर्थ नाकारला आणि गीता चातुर्वर्ण्याला तात्त्विक आधार पुरवते असे प्रतिपादन केले. हेगेल, हुम्बोल्ट, टिळक, आंबेडकर हे चौघे कधी एका खोलीत बसले नाहीत, पण प्रश्न एकच होता : माणसाचे कर्तव्य जन्मावरून ठरते की विवेकावरून?

या पुस्तकाची भूमिका इथून सुरू होते. जर्मन भाषेतले आधुनिक तत्त्वज्ञान ही थोर पुरुषांची चित्रमालिका आहे, असे समजून ते वाचले की ते अवघड आणि परके वाटते. ती वादांची परंपरा आहे, असे समजून वाचले की प्रत्येक ग्रंथ कुणाला तरी दिलेले उत्तर ठरतो, आणि प्रश्न कळला की उत्तर कळू लागते. पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय सिद्धान्ताला हात घालायचा नाही, ही शिस्त आपल्या शास्त्रपरंपरेने फार पूर्वी घालून दिली आहे. त्या शिस्तीने पाहिले तर मराठी वाचक या वादांत केवळ श्रोता उरत नाही. तो पक्षकार आहे, आणि शंभर वर्षांहून अधिक काळ आहे.

नव्या वाचकासाठी या प्रदेशाचा नकाशा आधी मांडायला हवा. ‘जर्मन’ म्हणताना केवळ आजचा जर्मनी देश डोळ्यांसमोर नसावा. कांटचे क्योनिग्सबर्ग आज रशियात आहे, फ्रॉइड आणि विट्गेन्श्टाइन व्हिएन्नाचे, आणि १९२९ची कासिरर आणि हायडेगर यांची गाजलेली समोरासमोरची चर्चा झाली ती स्वित्झर्लंडमधल्या दाव्होसला. या सगळ्यांना बांधणारी गोष्ट म्हणजे एक भाषा आणि त्या भाषेतली विद्यापीठे.

सुरुवात कांटपासून करण्याची रीत आहे आणि ती योग्य आहे. १७८१च्या ‘शुद्ध बुद्धीची चिकित्सा’ या ग्रंथात कांटने विचारले की, बुद्धीला काय कळू शकते आणि तिची हद्द कुठे संपते. ईश्वर, आत्मा, विश्वाचा आरंभ हे विषय त्याने ज्ञानाच्या हद्दीबाहेर ठेवले, पण नीतीसाठी त्यांची जागा राखली. १७८४ मध्ये बर्लिनच्या एका मासिकात ‘प्रबोधन म्हणजे काय’ या प्रश्नावर मोझेस मेंडेल्सझोन आणि कांट या दोघांचेही लेख आले. तत्त्वज्ञान मासिकातून, सुशिक्षित वाचकासमोर चालवायचे असते, ही सवय तिथे पक्की झाली. लगेच पुढच्या वर्षी याकोबीने बुद्धिवाद शेवटी निरीश्वरवादाकडे नेतो, असा आरोप करून स्पिनोझावरचा वाद पेटवला. बुद्धी श्रद्धेचा पाया खणते का, हा प्रश्न तेव्हापासून जर्मन विचाराला सोडत नाही.

फिश्टे, शेलिंग आणि हेगेल यांनी कांटने आखलेली हद्द ओलांडायचा प्रयत्न केला. हेगेलचा दावा असा की, बुद्धी इतिहासातून, विरोधातून, विरोधावर मात करत स्वतःला ओळखत जाते. १८३१ मध्ये हेगेल वारला आणि त्याच्या शिष्यांत फूट पडली. उजव्यांना त्याच्यात धर्म आणि राज्यसंस्था यांचे समर्थन दिसले, डाव्यांना क्रांतीचे बीज. फॉयरबाखने देव ही माणसाच्या स्वभावाचीच प्रतिमा आहे असे म्हटले, आणि मार्क्सने पुढे विचारले की, माणसाला अशी प्रतिमा बनवावी लागते ती समाजव्यवस्था कोणती? १८५०च्या दशकात फोग्ट, मोलेशॉट, ब्यूखनर या निसर्गशास्त्रज्ञांनी विचार हे मेंदूचे कार्य आहे असे जाहीर केले आणि भौतिकवादावरून रान उठले. या गदारोळाला कंटाळून १८६५ मध्ये ओटो लीबमानने ‘परत कांटकडे’ अशी हाक दिली. तिच्यातून दोन नव-कांटवादी संप्रदाय उभे राहिले : मारबुर्गचा, ज्याने विज्ञानाच्या पायाचा विचार केला, आणि नैर्ऋत्य जर्मनीचा, ज्याने इतिहास आणि मूल्ये यांचा केला. निसर्गविज्ञान नियम शोधते आणि इतिहास एकेक घटना समजून घेतो, हा विंडेलबांडने १८९४ मध्ये मांडलेला भेद आजही समाजशास्त्राच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवला जातो.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर दोन वाटा फुटल्या. दोन्ही ज्या ठिकाणी फुटल्या ते ठिकाण लहानसे आहे. १८९१ मध्ये हुसर्लने अंकगणिताचे तत्त्वज्ञान लिहिले, आणि १८९४ मध्ये येनाच्या गॉटलोब फ्रेगेने त्याचे कडक परीक्षण केले. फ्रेगेचे म्हणणे होते की, संख्या ही मनातली कल्पना नव्हे. माझी ‘दोन’ आणि तुमची ‘दोन’ वेगवेगळी असती तर गणित उरलेच नसते. हुसर्लने १९००-०१च्या ‘तार्किक अन्वेषणां’त तर्कशास्त्राला मानसशास्त्रात जिरवू पाहणाऱ्या मताचा स्वतःच समाचार घेतला. फ्रेगेकडून निघालेली वाट विट्गेन्श्टाइन आणि विज्ञाननिष्ठ तर्कवाद्यांच्या व्हिएन्ना मंडळाकडे गेली, हुसर्लची वाट फेनॉमेनॉलॉजीकडे, म्हणजे अनुभव जसा येतो तसा तपासण्याच्या पद्धतीकडे, आणि हायडेगरकडे. आज विश्लेषक आणि युरोपखंडीय म्हणून जे दोन गोट एकमेकांचे ग्रंथ उघडतही नाहीत, त्यांचे पूर्वज एकमेकांची पुस्तके परीक्षणाच्या काटेकोरपणाने वाचत होते, हे नव्या वाचकाने आधीच लक्षात ठेवावे.

१९२९च्या वसंतात दाव्होसला एर्न्स्ट कासिरर आणि मार्टिन हायडेगर कांटवरून समोरासमोर आले. कासिररसाठी माणूस भाषा, मिथक, विज्ञान अशी प्रतीके निर्माण करून स्वातंत्र्याकडे जातो. हायडेगरसाठी मृत्यूने मर्यादित असणे हेच माणसाच्या असण्याचे मर्म. श्रोत्यांत तरुण रुडॉल्फ कार्नाप होता. त्याने १९३२ मध्ये हायडेगरची काही वाक्ये उचलून, ती चूकही नाहीत आणि बरोबरही नाहीत, ती अर्थशून्य आहेत असे तर्कशास्त्राच्या साहाय्याने दाखवण्याचा प्रयत्न केला. मग इतिहासाने वादावर झडप घातली. १९३३ मध्ये कासिररला देश सोडावा लागला. त्याच वर्षी हायडेगर फ्रायबुर्ग विद्यापीठाचा रेक्टर झाला आणि नाझी पक्षात गेला. १९३६ मध्ये व्हिएन्ना मंडळाचा मोरित्झ श्लिक विद्यापीठाच्या जिन्यावर गोळीला बळी पडला. हुसर्लची साहाय्यक राहिलेली एडिथ श्टाइन १९४२ मध्ये आउश्विट्झला मारली गेली. ज्या भाषेत कांटने विवेकाची महती सांगितली त्याच भाषेत हे घडले. युद्धानंतरचे सारे जर्मन तत्त्वज्ञान या एका वस्तुस्थितीशी झुंजते आहे.

फ्रँकफर्ट परंपरेच्या होर्कहायमर आणि अडोर्नो यांनी तर प्रबोधनाच्या पोटातच दमनाची बीजे आहेत का, असा प्रश्न केला. १९६१ मध्ये ट्युबिंगेनला पॉपर आणि अडोर्नो यांच्यात समाजशास्त्राच्या तर्कपद्धतीवरून चर्चा झाली आणि पुढे हाबरमास व हान्स आल्बर्ट यांनी ती तापवली. गाडामरच्या ‘सत्य आणि पद्धती’ला (१९६०) हाबरमासने परंपरा आणि सत्ता यांच्या नात्यावरून अडवले. १९७१ मध्ये समाज ही स्वतःला चालवणारी व्यवस्था आहे की माणसांमधला संवाद, यावर हाबरमास आणि लूमान यांची जुगलबंदी पुस्तकरूपाने आली. १९८६ मध्ये नाझी गुन्ह्यांची इतर अत्याचारांशी तुलना करून त्यांचा भार हलका करता येतो का, यावरून इतिहासकार आणि तत्त्वज्ञ थेट वर्तमानपत्रांतून भिडले.

हे वाद इतके परके नाहीत. गाडामर आणि हाबरमास यांचाच घ्या. गाडामर म्हणतो, आपण परंपरेच्या आत उभे राहूनच काहीही समजून घेतो. परंपरेबाहेर पाय ठेवायला जागा नाही. हाबरमास म्हणतो, परंपरेतून समज येते तसा जुलूमही येतो, आणि तो ओळखायला परंपरेकडे टीकेच्या नजरेने पाहावे लागते. आता पंढरपूर डोळ्यांसमोर आणा. चोखोबांचे अभंग वारकरी परंपरेने शतकानुशतके गायले, आणि त्याच परंपरेच्या देवळात चोखोबांच्या वंशजांना प्रवेश नव्हता. १९४७ मध्ये साने गुरुजींनी उपोषण केले तेव्हा मंदिराची दारे उघडली. गुरुजींनी संतांच्याच वचनांचा आधार घेतला, म्हणजे परंपरेच्या आतून बोलले. पण ते वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या दाराविरुद्ध उपोषणाला बसले, म्हणजे परंपरेतली सत्ताही त्यांनी ओळखली. गाडामर एकटा इथे पुरत नाही आणि हाबरमासही एकटा पुरत नाही. पंढरपूरचा प्रसंग हाताशी असलेला वाचक या वादात काही भर घालू शकतो, असे आमचे ठाम मत आहे.

साने गुरुजींचे नाव इथे योगायोगाने आलेले नाही. तरुणपणी ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात होते. प्रताप शेठजींनी १९१६ साली उभ्या केलेल्या या संस्थेत वेदान्ताबरोबर पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा अभ्यास चाले, कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा कांटचा स्वतंत्र वाचक तिथे राहून गेला आणि तिथून निघालेल्या इंग्रजी त्रैमासिकाने देशभरच्या तत्त्वज्ञांना व्यासपीठ दिले. नागपूरचे सुरेंद्र बारलिंगे पुण्याला गेले आणि त्यांनी ‘परामर्श’मधून मराठीत तत्त्वचर्चा चालू ठेवली. दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली मराठी तत्त्वज्ञान महाकोशाचे तीन खंड निघाले. मे. पुं. रेगे यांनी ‘नवभारत’मधून आणि विदर्भात दि. य. देशपांडे यांनी ‘आजचा सुधारक’मधून युक्तिवादाची शिस्त मराठीत रुजवली, देशपांडे यांचा कल तार्किक अनुभववादाकडे, रेग्यांचा परंपरेशी चिकित्सक संवादाकडे, आणि दोघांच्या लेखनात हा फरक अभ्यासण्याजोगा आहे. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) कांटच्या सौंदर्यविचाराची जी छाननी केली ती मराठी समीक्षेतले मोठे काम आहे. कलेचा अनुभव जगण्यापासून अलग असतो की जगण्याचाच भाग असतो, या मर्ढेकरांपासून चालत आलेल्या वादाला त्यांनी सौंदर्य ही संकल्पनाच दोन ध्रुवांमध्ये ताणलेली आहे असे उत्तर दिले. हे उत्तर कांटला वाचून सापडले, पण कांटचे नाही.

एवढे सगळे असूनही ही परंपरा पुण्या-मुंबईच्या पुस्तकांच्या कपाटात अडकली आहे, अशी आमची तक्रार आहे. हे पुस्तक गोंदियातल्या एका वाचनगटातून आकाराला आले. त्यात महाविद्यालयीन अध्यापक आहेत, शाळामास्तर आहेत, वकील आहेत, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले-मुली आहेत. बैठका झाडीबोलीच्या सुरात चालत, वाचन प्रमाण मराठीत आणि इंग्रजीत. जागेचा परिणाम विचारावर होतो, याचा अनुभव आम्हाला याच बैठकांत आला.

हेगेलच्या इतिहासविचारावर चर्चा चालू होती. हेगेलने आफ्रिकेला इतिहासाबाहेर ठेवले आणि भारताला इतिहासाच्या पहिल्याच पायरीवर थांबवले. सालेकसा तालुक्यातल्या एका गोंडीभाषक विद्यार्थिनीने विचारले की, माघ पौर्णिमेला कचारगडच्या गुहेत मध्य भारतभरातून गोंड समाज जमतो, आपल्या मूळ पुरुषांची गाथा गातो, तो इतिहास नव्हे का? आणि लिहून ठेवलेला नाही एवढ्यावरून तो नाकारणारे हेगेल एकटेच आहेत का, की आपली शालेय पुस्तकेही तेच करतात? या प्रश्नाने आमचे वाचन बदलले. हेगेलवरचा या पुस्तकातला निबंध तिच्या प्रश्नाला उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

दुसरे उदाहरण अलीकडच्या वादाचे. फ्रँकफर्ट परंपरेतला अक्सेल होनेट म्हणतो की, अन्यायाच्या मुळाशी माणसाला माणूस म्हणून मान्यता नाकारणे असते. अमेरिकन तत्त्वज्ञ नॅन्सी फ्रेझर उत्तर देते की, मान्यता आणि संपत्तीचे वाटप हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एकात दुसरा विरघळवता येत नाही. दोघांचा हा वाद २००३ मध्ये पुस्तकरूपाने निघाला. आमच्या भागातल्या वाचकाला हा वाद तेंदूपत्त्याच्या हंगामात भेटतो. २००६च्या वनहक्क कायद्याने वनवासींवर झालेला ऐतिहासिक अन्याय स्वतःच्या उद्देशिकेत कबूल केला आणि सामूहिक हक्काची वाट उघडली. ग्रामसभा तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतःच्या हाती घेते तेव्हा पैसा गावात राहतो, हे वाटप झाले. पण त्याच ग्रामसभेसमोर वनखात्याचा अधिकारी कागद घेऊन बसतो आणि गावाचा ठराव ऐकून घेतो, ही मान्यता झाली. यातले आधी कोणते आले आणि कोणत्याशिवाय दुसरे टिकत नाही, हे ठरवायला फ्रेझर आणि होनेट दोघेही हवेत.

आणि आंबेडकरही हवेत. १९३६च्या ‘जातिनिर्मूलना’त त्यांनी समाजवाद्यांना हेच बजावले होते की, सत्तेचा उगम केवळ मालमत्तेत नसतो, सामाजिक दर्जा आणि धर्म हेही सत्तेचे स्रोत आहेत, आणि ते न हलवता आर्थिक क्रांती होणार नाही. फ्रेझर-होनेट वादाच्या सदुसष्ट वर्षे आधीची ही मांडणी. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला बॉन विद्यापीठात शिकायला जाण्याइतकी आंबेडकरांना जर्मन ज्ञानपरंपरेची ओढ होती. नीत्शेने मनुस्मृतीची वाखाणणी केली ती त्यांनी नेमकी हेरली आणि अतिमानवाच्या कल्पनेमागे मनूची सावली दाखवली. मार्क्सचे कोणते सिद्धान्त काळाच्या कसोटीवर टिकले आणि कोणते टिकले नाहीत, याचा हिशेब त्यांनी ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’मध्ये मांडला. १९५४ मध्ये ते भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले, तेव्हा आजचा गोंदिया जिल्हा भंडाऱ्याचाच भाग होता. तो वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. त्या दोन जागांच्या मतदारसंघातून समाजवादी अशोक मेहता निवडून आले आणि आंबेडकर पराभूत झाले. मान्यता आणि वाटप यांचा वाद या मातीत मतपेटीतून झाला आहे.

आजच हे वाद का वाचायचे, याचे उत्तर यातच आहे. सार्वजनिक चर्चा हातातल्या मोबाइलवर आली आहे आणि युक्तिवादाची जागा चिडीने घेतली आहे. परंपरेचा अभिमान आणि परंपरेची चिकित्सा एकत्र नांदू शकतात, हे सांगणारे आवाज क्षीण झाले आहेत. इतिहास कोणी आणि कसा लिहायचा यावरून रस्त्यावर भांडणे होतात. नेमके हेच प्रश्न एका भाषिक समाजाने अडीचशे वर्षे ग्रंथांतून आणि मासिकांतून लढवले, त्यात उंची गाठली आणि तो भयंकर घसरलाही. उत्तम तत्त्वज्ञान देशाला अधःपातापासून आपोआप वाचवत नाही, हा हायडेगरच्या उदाहरणाचा कटू धडा आहे. विचार करणाऱ्याने आपल्या विचाराचे राजकीय परिणाम पाहण्याची जबाबदारी टाळली की काय होते, हे त्यात दिसते. कांटच्या वंशविषयक लेखनावर जर्मनीत अलीकडे जी उघड चर्चा झाली, तिच्यातून दुसरा धडा मिळतो : आपल्या थोरांचे दोष मान्य करूनही त्यांच्याकडून शिकता येते. आपल्या थोरांबाबत आपण इतके धैर्य दाखवतो का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

हे पुस्तक काय करू पाहते आणि काय नाही, तेही सांगतो. हा जर्मन तत्त्वज्ञानाचा संपूर्ण इतिहास नाही. निवड वादांची आहे, व्यक्तींची नाही. म्हणून शोपेनहौअर किंवा याश्पर्स यांना स्वतंत्र निबंध नाहीत. प्रत्येक निबंधात दोन्ही बाजू त्यांच्या सर्वांत बळकट रूपात मांडाव्यात आणि लेखकाने आपले मत शेवटी, उघडपणे द्यावे, असा दंडक आम्ही पाळला. परिभाषा महाकोशातून आणि विश्वकोशातून घेतली. जिथे रूढ मराठी शब्द नाही तिथे मूळ शब्द नागरीत ठेवून पहिल्या उल्लेखात समजावला. मराठी उदाहरणे सजावटीसाठी घेतलेली नाहीत. ज्या उदाहरणाने युक्तिवादाला धक्का दिला किंवा आधार दिला, तेच ठेवले. निबंध कोणत्याही क्रमाने वाचता येतील, पण एक वाद दुसऱ्याच्या पोटातून निघाला असल्याने क्रमाने वाचणाऱ्याला जास्त लाभ होईल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला. त्या दर्जाचे मोल भूतकाळातल्या ग्रंथांवर अवलंबून आहे; भाषेचे आजचे सामर्थ्य मात्र तिच्यात नवा, अवघड विचार किती स्पष्टपणे करता येतो यावर ठरते. म्हणून वाचकांना, विशेषतः विदर्भातल्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना, एकच विनंती आहे. या पुस्तकातला जो युक्तिवाद तुम्हाला सर्वांत चुकीचा वाटेल तो निवडा, त्याचा पूर्वपक्ष प्रामाणिकपणे लिहून काढा, आणि मग त्याला मराठीत उत्तर द्या. ते उत्तर आपल्या गावच्या वाचनालयात, महाविद्यालयाच्या वार्षिकांकात, नियतकालिकात, जिथे जागा मिळेल तिथे चार माणसांसमोर ठेवा.